कामाच्या जोडीचा गट
शंकरपटाच्या नियमपुस्तिकेची प्रस्तावना

पोळ्याच्या तोरणाखाली पहिली जोडी कोणाची उभी राहणार हे गावात आधीपासून ठरलेले असते. मानाची जोडी पुढे, बाकीच्या मागे. शंकरपटावर, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, असे काही ठरलेले नसते. तिथे घड्याळ बोलते, आणि घड्याळ मालकाचे आडनाव विचारत नाही. पाच एकरांचा कास्तकार आणि पन्नास एकरांचा वाडेवाला यांच्या जोड्या एकाच रेषेवरून सुटतात, हेच शंकरपटाचे खरे आकर्षण आहे. म्हणून पोळ्याचा मान दुसऱ्याला गेला तर कोणी फारसे मनावर घेत नाही, पण पटात अन्याय झाला की त्याची चर्चा पुढच्या हंगामापर्यंत पारावर चालते.

ही पुस्तिका शंकरपटाच्या एकाच गटासाठी लिहिली आहे. जी जोडी पेरणीला तिफण ओढते, निंदणानंतर डवऱ्याला जाते, कापसाची बंडी घरी आणते, तिच्यासाठी. या गटाला आम्ही ‘कामाच्या जोडीचा गट’ म्हटले आहे. भातकुली आणि दर्यापूरकडचा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली असली, तरी वऱ्हाडातल्या कोणत्याही पटाला ती थोड्या फेरफाराने चालावी.

आताच लिहिण्याचे कारण सांगायला थोडे मागे जावे लागते. 2011 मध्ये केंद्र सरकारने खेळ-प्रदर्शनासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाड्यांच्या शर्यती बंद केल्या. 2017 मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून नियम केले, पण प्रकरण न्यायालयात अडकले. 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. तळेगाव दशासरसारख्या जुन्या, नामांकित पटांच्या मैदानावर पुन्हा गर्दी झाली. ज्या गावांत पटाची आठवणच उरली होती, तिथेही नवी मंडळे उभी राहिली.

मधल्या काळात एक पिढी बदलली. पट कसा भरवायचा हे ज्यांना तोंडपाठ होते ते थकले, आणि ज्यांच्या हाती आता कारभार आला त्यांनी पट पाहिला तो बहुतेक मोबाइलवर. जुने नियम लिहिलेले नव्हते. ते माणसांच्या डोक्यात होते आणि माणसांबरोबर गेले.

सरकारचे नियम आहेतच. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, अनामत रक्कम, पशुवैद्यकीय तपासणी, धावण्याच्या अंतराला हजार मीटरची मर्यादा, चाबूक, काठी, तुतारी आणि विजेचा झटका यांना बंदी, आणि छळ सिद्ध झाल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. हे नियम पाळलेच पाहिजेत आणि या पुस्तिकेतले एकही कलम त्यांना सैल करत नाही. पण ते बैलाच्या बाजूने लिहिलेले आहेत. कास्तकार आणि कास्तकार यांच्यातला न्याय कसा करायचा, हे त्यांनी आयोजकांवर सोडले आहे. मैदानावर हाणामारीची वेळ येते ती बहुतेक याच सोडलेल्या जागेत.

या भांडणाचे मूळ साधे आहे. पटाचा बैल आणि कामाचा बैल या आता दोन वेगळ्या गोष्टी झाल्या आहेत. पटाच्या जोडीची किंमत लाखांत जाते. तिला खुराक वेगळा, सराव वेगळा, राखायला माणूस वेगळा. तिच्या मानेवर डवऱ्याचे जू कधी येत नाही. अशा जोडीने मोठ्या गटात जरूर धावावे, ती पाहायलाच लोक येतात. पण लहान गटातही बक्षीस मोटारसायकलचे असले, की तीच जोडी गावाचे नाव बदलून तिथेही उतरते. मग ज्याने वखरणी आटोपून हौसेने जोडी आणली तो एकदा हरतो, दुसऱ्यांदा हरतो आणि तिसऱ्या वर्षी प्रेक्षकांत बसतो. गट नावाला उरतो.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे ‘फक्त शेतात काम करणारी जोडी’ असे पत्रकावर छापणे. हा उपाय टिकत नाही. जोडी काम करते हे दाखवायचे कसे? मालकाची शपथ घ्यावी, तर शपथ कोणीही घेतो. सातबारा मागावा, तर त्याने शेत सिद्ध होते, बैलाचे काम नाही. मानेवरचा घट्टा पाहावा, तर सरावाच्या जुवानेही घट्टा पडतो. सरपंचाचा दाखला मागावा, तर सरपंचाला पुढची निवडणूक लढवायची असते. नियम चांगला असतो, पण तो मैदानावर मोजता येत नाही. आणि जो नियम मोजता येत नाही तो प्रामाणिक माणसालाच बांधतो, लबाडाला मोकळे सोडतो.

ही अडचण फक्त आपली नाही. अमेरिकेच्या खेड्यांत जड ओझे ओढण्याचा खेळ आधी घोड्यांचा होता. 1929 च्या सुमारास ओहायो आणि मिसूरी राज्यांत तो ट्रॅक्टरने सुरू झाला आणि पुढे त्यात रोजच्या वापरातले डिझेल पिकअप ट्रकही आले. सुरुवातीला मातीतून ओढायच्या घसरगाडीवर वाटेत उभी असलेली माणसे एकेक करून चढत, म्हणजे ओझे वाढत जाई. ते धोक्याचे होते. नंतर अशी ओढगाडी आली की जिच्यावरची वजनाची पेटी गाडी पुढे सरकेल तशी मागच्या चाकांवरून पुढे येते आणि पुढचा लोखंडी तवा जमिनीत दाबत जाते. गाडी जितकी पुढे तितकी ती जड. पूर्ण ओढ बहुतेक ठिकाणी 300 फुटांची, म्हणजे सुमारे 91 मीटर. जो जास्त अंतर नेईल तो जिंकला.

तिथेही राज्याराज्यांचे नियम वेगळे होते. एका जत्रेत चालणारा ट्रॅक्टर दुसऱ्या जत्रेत बाद व्हायचा. म्हणून 1969 मध्ये आठ राज्यांतल्या लोकांनी एकत्र येऊन नॅशनल ट्रॅक्टर पुलर्स असोसिएशन ही संघटना काढली आणि नियम एक केले. पण आपल्या कामाचा धडा त्यांच्या मोठ्या राक्षसी यंत्रांच्या गटात नाही. तो रस्त्यावर चालणाऱ्या डिझेल ट्रकच्या गटात आहे. ज्या ट्रकने माणूस सोमवारी कामावर जातो, त्याच ट्रकने शनिवारी त्याला ओढीत उतरता यावे, ही त्या गटामागची कल्पना. तिथेही हेच घडले. काहींनी नावापुरता ट्रक ठेवून आतले सगळे बदलले. इंधनाचा पंप मोठा, इंजेक्टर मोठे, संगणकातली आज्ञावली वेगळी. इंजिन उघडून प्रत्येक भाग तपासायचा तर एका ट्रकलाच दिवस जावा.

त्यांनी काढलेला मार्ग शहाणपणाचा होता. डिझेल इंजिनाची ताकद शेवटी त्यात किती हवा जाते यावर अडते. इंधन कितीही ओता, हवा नसेल तर त्याचा नुसता काळा धूर होतो. म्हणून अनेक ठिकाणी नियम केला तो हवा आत ढकलणाऱ्या टर्बोच्या तोंडाचा. हे तोंड 2.6 इंचांपेक्षा, म्हणजे 66 मिलिमीटरपेक्षा मोठे नको. माप लावले, बसले की निकाल. जोडीला आणखी दोन मापे, ट्रकचे वजन 8,000 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 3,630 किलोंच्या आत आणि साखळी अडकवायचा आकडा जमिनीपासून 26 इंचांपेक्षा वर नको. आकड्याच्या उंचीने चाकांवर किती भार येतो ते ठरते, म्हणून ते माप. काटा, टेप आणि मापाची चकती, एवढ्या तीन वस्तूंनी गट राखला. बाकी आत काय केले आहे याची चौकशी बरीच कमी झाली, कारण हवेच्या तोंडापाशी जास्तीचा पैसा अडू लागला.

या पुस्तिकेचा सगळा विचार एवढ्यावर उभा आहे. न्याय्य गट म्हणजे सगळ्या जोड्या सारख्या करणे नव्हे. तसे कधी होत नाही आणि झाले तर पट पाहायला कोणी येणार नाही. एका मर्यादेनंतर पैसा ओतून फायदा मिळू नये, आणि ती मर्यादा सर्वांच्या देखत दोन मिनिटांत मोजता यावी, एवढेच करायचे असते. आपल्या पटात हवेचे तोंड कोणते, हे शोधायचे आहे.

आमच्या मते ते ओझे आहे. पटाची जोडी हलक्या छकड्यासाठी तयार केलेली असते. तिची सगळी करामत वेगात. कामाच्या जोडीचा गुण निराळा, तो उभ्या जागेवरून भार उचलण्यात आणि दोघांनी सारखे ओढण्यात. म्हणून या गटात छकडा नको, बंडी हवी. तीही मंडळाची, सर्वांना एकच किंवा एकाच वजनाच्या दोन. परदेशातल्या खेळात ओढगाडी आयोजकांची असते. स्पर्धक आपली आणत नाही. आपल्याकडे बंडीही तशीच असली, की हलक्या लाकडाची, खास चाकांची गाडी करून घेण्याची चढाओढ मुळातच संपते. यामुळे पटाच्या जोडीचा फायदा पुसला जाणार नाही, पण कमी होईल.

ओझ्याचा आकडा पुस्तिकेत छापलेला नाही. तो जमीन पाहून पशुवैद्यकाने ठरवावा आणि पत्रकावर छापावा. मर्यादा मात्र पक्की आहे. रोजच्या कामात जोडी जेवढे ओढते त्याच्या बरेच खाली तो आकडा असला पाहिजे. ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी केंद्राचे 1965 चे नियम आहेत, त्यांतल्या भाराच्या मर्यादेच्या जवळपासही जाऊ नये. तापमान 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन जनावर जुंपू नये, हेही त्याच नियमांत आहे. अमरावती-अकोल्याचे ऊन ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळे समजावावे लागणार नाही. हरभरा निघेपर्यंतचा, फेब्रुवारी संपायच्या आतला पट आणि तोही सकाळचा, अशी आमची शिफारस आहे.

दुसरे माप हाकणाऱ्याचे. बंडी आणि धुरकरी यांचे मिळून वजन ठरलेले असावे. धुरकरी हलका असेल तर वाळूचे पोते टाकून ते भरून काढावे. हे कलम लहान दिसते, पण त्याचे काम मोठे आहे. हलक्या माणसाचा फायदा असला की मालक पोरसवदा मुलाला जुवाजवळ बसवतो आणि अपघात झाला की ते पोर चाकाखाली येते. वजन बांधून दिले की मुलाला बसवण्याचे कारणच उरत नाही. अठरा वर्षांची अट आम्ही लिहिली आहेच, पण अटीपेक्षा काटा जास्त काम करतो. काट्याची अडचण वऱ्हाडात तरी नसावी. जिथे कापूस विकला जातो तिथे काटा असतो.

तिसरे माप दातांचे. बैलाचे वय कागदावर नव्हे, जबड्यात लिहिलेले असते. दोन दाती साधारण दोन-अडीच वर्षांचा, चार दाती तीन वर्षांच्या पुढचा, आठही दात जुळले म्हणजे साडेचार-पाच वर्षांचा. पश्चिम महाराष्ट्रात आदत, दुसा, चौसा असे गट याच हिशेबाने पडतात. आम्ही या गटात दोन्ही बैल किमान सहा दाती असावेत असे म्हटले आहे, कारण त्या वयापर्यंत कामाचा बैल जुवाखाली मुरलेला असतो आणि कोवळ्या गोऱ्ह्याची हाडे ओझ्याखाली जाऊ नयेत. तोंड उघडून पाहायला वेळ लागत नाही आणि शेजारी उभे असलेले दहा जण साक्षीला असतात.

मालकी ओळखायला कानातला बिल्ला पुरे. त्यावरचा बारा अंकी क्रमांक जनावराची आणि मालकाची नोंद दाखवतो. पटाच्या सहा महिने आधीपासून दोन्ही बैल त्याच मालकाच्या नावावर असावेत, हे कलम त्या क्रमांकावर उभे आहे. आदल्या रात्री भाड्याने आणलेली जोडी इथेच अडते.

एक कलम आम्ही बराच वाद घालून वगळले. घोड्यांच्या शर्यतींत काही देशांत असा प्रकार असतो की त्या शर्यतीत उतरलेला कोणताही घोडा जाहीर केलेल्या किमतीला दुसऱ्याला विकत घेता येतो. मग महागडा घोडा स्वस्त शर्यतीत कोणी आणत नाही. कल्पना चोख आहे, तपासणीही लागत नाही. पण ती व्यापाऱ्यासाठी आहे. कामाच्या जोडीचा मालक तिच्या पायांवर दूध-पाणी घालून पोळा करतो. ऐन हंगामात कोणी पैसे मोजून ती सोडून नेऊ शकतो म्हटल्यावर तो पटाकडे फिरकणारच नाही. ज्याच्यासाठी गट काढला तोच गेला तर नियम चोख असून काय उपयोग?

त्याऐवजी वेळेची मर्यादा घातली आहे. पूर्व विदर्भात बऱ्याच ठिकाणी दोन जोड्या शेजारी-शेजारी धावतात, आपल्याकडे एकेक जोडी घड्याळावर धावते. घड्याळाचा एक फायदा असा, की गटासाठी किमान वेळ ठरवता येते. त्यापेक्षा जलद धावलेली जोडी हरली असे नाही, ती वरच्या गटात गेली. तिथे ती त्याच दिवशी, पशुवैद्यकाने होकार दिला तर, धावू शकते. मुद्दाम हळू हाकून खालच्या गटात राहणाऱ्यावर नजर ठेवायला दोन फेऱ्यांच्या वेळांतला फरक पाहावा, त्याचे कोष्टक तिसऱ्या प्रकरणात आहे.

घड्याळाविषयी थोडे सविस्तर लिहावे लागले, कारण सगळ्यात जास्त तक्रारी तिथे होतात. जोडी ताशी 40 किलोमीटर वेगाने येत असेल तर ती सेकंदाला अकरा मीटर कापते. माणसाचा डोळा पाहतो आणि बोट दाबते यात साधारण सेकंदाचा पाचवा भाग जातो, म्हणजे दोन मीटरहून जास्त. सेकंदाच्या शंभराव्या भागावर बक्षीस वाटायचे आणि घड्याळ बोटाने दाबायचे, या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. किरण तुटला की आपोआप थांबणारे घड्याळ दोन्ही टोकांना असावे. ते परवडत नसेल तर दशांशापुढचा आकडा वाचूच नये आणि बरोबरी झाली तर बक्षीस वाटून द्यावे.

राहिली जमीन. आपली काळी माती वाळली की भेगाळते आणि ओलसर असली की चाक धरते. सकाळी घट्ट असलेली धावपट्टी दहा जोड्यांनंतर भुसभुशीत होते, म्हणजे पहिल्याला एक जमीन आणि विसाव्याला दुसरी. म्हणून क्रम चिठ्ठी टाकूनच ठरवावा आणि ठरावीक जोड्यांनंतर रोलर फिरवावा. ट्रॅक्टर ओढीच्या खेळातली एक सोय आम्ही तशीच उचलली आहे. पहिल्या स्पर्धकावर ओझे आणि जमीन यांची परीक्षा होते, म्हणून त्याला आपली ओढ मोडीत काढून नंतर पुन्हा उतरण्याचा हक्क असतो. आपल्या पहिल्या जोडीलाही तो असावा, मात्र पुरेशा विश्रांतीनंतर.

ट्रॅक्टरचाही उल्लेख करायला हवा. बैल कमी होत चालले आहेत आणि गावची तरुण मुले आता ट्रॅक्टरच्या टोचनचे व्हिडिओ पाहतात. दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून साखळीने बांधायचे आणि कोण कोणाला ओढतो ते पाहायचे, हा प्रकार पंजाबात फार गाजला. तिथे ट्रॅक्टरच्या कसरतीत 2023 च्या ऑक्टोबरात एका तरुणाचा जीव गेल्यावर सरकारने अशा कसरतींवर बंदी आणली. आपल्याकडे कोणी ट्रॅक्टरची ओढ भरवणार असेल तर या पुस्तिकेतली तत्त्वे त्याला चालतील. ओझे आयोजकांचे, वजन काट्यावर, आकड्याची उंची टेपने, प्रेक्षक दोरीच्या बाहेर. पण पाठीला पाठ लावून ओढण्याला आमचा पाठिंबा नाही. त्यात मोजण्यासारखे काही नसते आणि साखळी तुटली तर ती कोणाला लागेल हे सांगता येत नाही.

बक्षिसांबद्दल एक सूचना आहे, नियम नाही. या गटात एकच मोठे बक्षीस ठेवू नका. वीस लहान ठेवा. ढेपेचे पोते, नवे जू, बंडीची चाके, तिफणीची दुरुस्ती. ज्याच्या शेतात बैल आहे त्यालाच ज्याचा उपयोग, असे बक्षीस असले की बाहेरच्या जोडीला इतक्या लांबून यायचे कारण उरत नाही. तपासणीने जे होत नाही ते कधी कधी बक्षिसाच्या निवडीने होते.

पुस्तिकेचा शेवटचा भाग तक्रारींचा आहे आणि आयोजकांनी तो सर्वांत आधी वाचावा. तक्रार निकालानंतर अर्ध्या तासात, लेखी, अनामत भरून करायची. निर्णय देणाऱ्या तिघांपैकी एकाचीही जोडी त्या दिवशी धावणारी नसावी. नियमपत्रक पटाच्या एक महिना आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावे आणि त्यानंतर पट संपेपर्यंत त्यातली एक ओळही बदलू नये, नियम चुकीचा आहे असे कोणी पटवून दिले तरीही. चुकीचा नियम सर्वांना सारखा लागतो, मैदानात बदललेला नियम कोणाच्या तरी सोयीचा असतो. पट संपला की मात्र मंडळाने बसावे, आलेली प्रत्येक तक्रार वहीत लिहावी आणि कोणते कलम कोणी कसे चुकवले ते स्पष्ट नोंदवावे. ज्या पळवाटा आम्हाला सुचल्या नाहीत त्या कास्तकारांना नक्की सुचतील. त्या नोंदी आमच्याकडे पाठवल्या तर पुढची आवृत्ती या आवृत्तीपेक्षा चांगली होईल.

भातकुली, जि. अमरावती